आकाशी की राखाडी-निळा?

दसऱ्यानंतर कापूस घरात येऊ लागतो आणि यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा इथल्या रंगाच्या दुकानांत गर्दी वाढते. दिवाळीपूर्वी एखादी खोली तरी रंगवायची असते. लग्नाचे घर असेल तर सगळेच. शेडकार्ड उघडले की निळ्याच्या पानावर हमखास खोळंबा होतो. तिथे दोन चौकोन एकमेकांना लागून असतात. एक स्वच्छ आकाशी, दुसरा तसाच पण किंचित राख मिसळल्यासारखा. दुसरा ‘मळका’ वाटतो म्हणून बहुतेक घरे पहिल्यावर बोट ठेवतात. आठ दिवसांनी खोली तयार होते आणि कोणीतरी म्हणते, ‘कार्डावर एवढा भडक नव्हता.’

पेंटरने रंग चुकवलेला नसतो, मशीननेही बहुधा नसतो. दुकानात आपण दोन रंगांची तुलना केली आणि भिंतीला त्यातला एकच लावला. तुलनेचा जोडीदार गेला, उजेड बदलला, चौकोन खोलीएवढा झाला. या तीन बदलांत रंग कुठून कुठे सरकतो हे कळले, तर या दोन जुळ्यांमधली निवड बरीच सोपी होते.

फरक नेमका कशात?

अमेरिकेतले चित्रकला शिक्षक अल्बर्ट मुन्सेल यांनी १९०५ मध्ये रंगांची एक मोजपट्टी मांडली. त्यांच्या मते कोणताही रंग तीन गोष्टींनी सांगता येतो. पहिली, रंगाची जात: निळा, हिरवा, लाल. दुसरी, उजळपणा: तो पांढऱ्याच्या जवळ आहे की काळ्याच्या. तिसरी, तेज: त्या रंगाचा जोर किती. जोर कमी करत नेला की कोणताही रंग शेवटी निव्वळ राखाडीवर येऊन थांबतो.

आकाशी आणि राखाडी-निळा यांची जात बहुधा एकच असते, उजळपणाही जवळपास सारखाच. फरक असतो तो तेजात. राखाडी-निळा हा आकाशीपेक्षा गडद असतो असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात दोघे खोलीत सारखाच उजेड परतवू शकतात. बऱ्याच कंपन्या शेडसोबत परावर्तनाचा आकडा देतात. शून्य म्हणजे पूर्ण काळा, १०० म्हणजे पूर्ण पांढरा. दोन शेडचे आकडे जवळजवळ सारखे असतील, तर ‘राखाडीने खोली अंधारी होईल’ ही भीती बाजूला ठेवता येते.

वणीचा चुना, चिमूटभर नीळ

यवतमाळ जिल्ह्यात निळी भिंत शेडकार्डाच्या कितीतरी आधीपासून आहे. जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या बेसाल्टचा, पण वणीच्या बाजूला कोळसा आणि चुनखडी दोन्ही सापडतात. वणीजवळचे राजूर चुन्याच्या भट्ट्यांसाठी ओळखले जाते. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कळीचा चुना होतो. तो पाण्यात विरवला की उकळ्या फुटतात, आणि भिंतीला लावल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत त्याचा पुन्हा चुनखडीसारखाच कठीण थर बनतो. कवेलूच्या घरांना वर्षानुवर्षे हाच थर मिळत आला.

या चुन्यात नीळ टाकायची ती आधी पांढरेपणासाठी. चुन्यात लोहाचा अंश असला की सफेदी पिवळट दिसते. निळीचा कण तो पिवळेपणा झाकतो. धोतर पांढरे दिसावे म्हणून शेवटच्या पाण्यात नीळ घालायची, त्यामागचे कारणही हेच. नीळ थोडी जास्त पडली की भिंत आकाशी व्हायची, आणि ती जास्त पडावी असे पुष्कळांना वाटायचेही.

कपड्यांची ही नीळ म्हणजे अल्ट्रामरीन. पूर्वी हा रंग अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतला लाजवर्द दगड दळून काढत आणि युरोपातल्या चित्रकारांना तो सोन्याच्या मोलाने घ्यावा लागे. १८२४ मध्ये फ्रान्समधल्या एका उद्योग-प्रोत्साहक संस्थेने कृत्रिम अल्ट्रामरीन बनवणाऱ्याला ६,००० फ्रँकचे बक्षीस जाहीर केले. १८२८ मध्ये ते झां-बाप्तिस्त गिमे यांना मिळाले. त्याच वर्षी जर्मनीत ख्रिस्तियान ग्मेलिन यांनीही आपली कृती प्रसिद्ध केली. चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा एकत्र भाजून हा रंग मिळू लागला आणि राजवाड्यातला निळा किराणा दुकानातल्या पुडीत आला.

चुन्यासाठी नीळच का, याला रसायनशास्त्रात उत्तर आहे. चुना अतिशय अल्कधर्मी. बर्लिनमध्ये अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सापडलेला प्रशियन निळा त्यात टिकत नाही, त्याचा तपकिरी होतो. अल्ट्रामरीनला चुन्याचा त्रास नाही. त्याचा शत्रू आम्ल. म्हणून चुन्याच्या भिंतीवर तो वर्षभर निळाच राहतो.

आणखी एक गोष्ट जुन्या पेंटरांना पाठ असते. ओली सफेदी करडी, पारदर्शक दिसते आणि वाळता वाळता उजळते. आजचे इमल्शन साधारण उलटे वागते: डब्यात ते दुधाळ असते, वाळले की त्यातला चिकट घटक काचेसारखा स्वच्छ होतो आणि रंग किंचित गडद होतो. पहिल्या हाताला ‘फिका वाटतोय, अजून निळा टाका’ असे म्हणण्याआधी भिंत पूर्ण वाळू द्यावी, ती यासाठी.

डब्यात काय मिसळले जाते

आज दुकानात पांढऱ्या बेसचा डबा मशीनखाली ठेवतात. बेसमधला पांढरा म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. त्यात मशीन थेंबाथेंबाने रंगद्रव्ये सोडते. आकाशीसाठी निळा, राखाडी-निळ्यासाठी निळ्याबरोबर काळा, आणि पुष्कळदा एखादा लालसर किंवा पिवळसर थेंब.

हा निळा आता बहुधा थॅलोसायनिन असतो. स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथ इथल्या रंगकारखान्यात १९२८ मध्ये तो अपघाताने हाती लागला आणि १९३५ मध्ये बाजारात आला. तो अतिशय जोरकस आहे आणि चुना-सिमेंटलाही दाद देत नाही. पण त्याची चव वेगळी. अल्ट्रामरीन जांभळ्याकडे झुकतो, कारण तो वर्णपटाच्या तांबड्या टोकाचा थोडा प्रकाशही परतवतो. थॅलोसायनिन तो जवळपास गिळून टाकतो आणि हिरव्याकडे झुकतो. आजोबांच्या घरातल्या निळीच्या भिंतीचा कपचा दुकानात नेला, यंत्राने मोजून ‘तोच’ रंग काढला, तरी घरी पिवळ्या दिव्याखाली तो वेगळा दिसू शकतो, तो यामुळे. एका उजेडात जुळलेले दोन रंग दुसऱ्या उजेडात फुटतात.

राखाडीतही एक गंमत आहे. पांढऱ्या बेसमध्ये नुसती काजळी मिसळली तरी येणारा राखाडी बरेचदा निळसर वाटतो. टायटॅनियमचे बारीक कण निळा प्रकाश जरा जास्त विखुरून लवकर बाहेर पाठवतात. बाकीचा प्रकाश थरात खोल शिरतो आणि काजळीच्या तावडीत सापडतो. म्हणजे कार्डावर जो ‘नुसता ग्रे’ दिसतो, तोही घरात निळ्याची बाजू घेऊ शकतो.

शेडचा खरा कल ओळखायचा तर त्याच पट्टीतला सर्वांत गडद चौकोन पाहावा. फिक्या चौकोनात लपलेला हिरवा किंवा जांभळा तिथे उघडा पडतो.

शेजाऱ्याचा परिणाम

मिशेल युजेन शेव्हरल हे रसायनशास्त्रज्ञ १८२४ मध्ये पॅरिसच्या गोबलाँ या गालिचे विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचे प्रमुख झाले. तिथे तक्रार होती की काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही. त्यांनी धागा तपासला, तो चांगला निघाला. दोष होता शेजारच्या धाग्यांच्या रंगात. डोळा शेजारी ठेवलेल्या रंगांमधला फरक वाढवून दाखवतो, हा नियम त्यांनी १८३९ च्या ग्रंथात सविस्तर मांडला.

शेडकार्डावर हेच घडते. आकाशीच्या शेजारी राखाडी-निळ्यातले निळेपण मरते, उरते फक्त राख. राखाडीच्या शेजारी आकाशी मात्र ताजा, धुतलेला वाटतो. दोघांनी एकमेकांना टोकाला ढकललेले असते.

घरात शेजारी बदलतात. यवतमाळच्या जुन्या घरांत सागवानी दारे, चौकटी, कपाटे असतात. सागाचा तांबूस-पिवळा हा निळ्याच्या विरुद्ध बाजूचा रंग. त्याच्या शेजारी राखाडी-निळासुद्धा स्पष्ट निळा दिसतो आणि आकाशी भडक होतो. क्रीम रंगाच्या टाइल्सही हेच करतात. याउलट शहाबादी फरशी स्वतःच निळसर करडी. तिच्यावर राखाडी-निळी भिंत चढवली की खोलीत निळे काहीच उरत नाही, सगळे सिमेंटसारखे वाटते. तिथे आकाशी बरा.

एक भिंत आणि चार भिंती

कार्डावरचा चौकोन एकदाच प्रकाश परतवतो. खोलीत भिंतीवरून उडालेला प्रकाश समोरच्या निळ्या भिंतीवर पडतो, तिथून पुन्हा उडतो. दर उडीला निळ्याचा वाटा वाढतो.

समजा, आकाशी रंग शंभरातला ६३ भाग निळा आणि ५० भाग तांबडा प्रकाश परतवतो. एका उडीत निळा तांबड्याच्या १.२६ पट. दुसऱ्या उडीनंतर हेच प्रमाण १.५९ पट होते. आता राखाडी-निळा घेऊ: ५८ निळा, ५२ तांबडा. एका उडीत १.१२ पट, दोन उड्यांनंतर १.२४ पट. हे आकडे फक्त उदाहरणासाठी घेतले आहेत, पण त्यांतला मुद्दा खराच आहे. चारही भिंतींना लावलेला राखाडी-निळा हा कार्डावरच्या आकाशीच्या अगदी जवळ येतो. कार्डावर आवडलेला आकाशी खोलीत हवा असेल, तर भरपूर उजेडाच्या खोलीत त्याच्या शेजारचा ‘मळका’ चौकोनच तो देतो.

एकच भिंत रंगवायची असेल तर हा हिशेब बदलतो. बाकीच्या तीन पांढऱ्या भिंती निळ्याला फुगवत नाहीत. तिथे आकाशी निर्धास्त लावावा.

यवतमाळचा उजेड

परदेशी सजावटीच्या पुस्तकांतले ‘उत्तरेच्या खोलीला ऊबदार रंग द्या’ हे नियम इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. यवतमाळ सुमारे २०.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सांध्यावर आणि पुन्हा २१ जुलैच्या सुमारास भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो. मधल्या काळात तो मध्यान्हीला किंचित उत्तरेकडे सरकतो. त्या दिवसांत भर दुपारी कोणत्याच खिडकीतून ऊन सरळ आत शिरत नाही. आत येतो तो अंगणावरून, समोरच्या भिंतीवरून उडालेला प्रकाश, म्हणजे माती, सिमेंट किंवा कडुनिंबाचा रंग घेऊन आलेला. डिसेंबरात मात्र दुपारचा सूर्य दक्षिणेला सुमारे ४६ अंशांवर असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येते.

उन्हाळ्याची दुसरी बाजूही आहे. पारा ४५ च्या आसपास गेला की आपण खिडक्या लावतो, पडदे ओढतो, कूलरला ताट्या लावतो. खोली मुद्दाम अंधारी करतो. रंगशास्त्रज्ञ रॉबर्ट हंट यांनी १९५२ मध्ये दाखवून दिले की उजेड कमी झाला की रंगांचा जोरही कमी जाणवतो. आकाशीला हा तोटा सोसवतो, राखाडी-निळ्याला नाही. ज्या महिन्यांत डोळ्यांना गारवा हवा, त्याच महिन्यांत पडद्याआडची राखाडी-निळी खोली उदास दिसते.

गारव्याबद्दल हेही सांगायला हवे: आतल्या भिंतीचा निळा खोलीचे तापमान उतरवत नाही. निळ्याने थंड वाटते ते मनाला. खोली खरोखर कमी तापायला हवी असेल तर रंगाचे पैसे आधी स्लॅबवरच्या पांढऱ्या थरावर घालावेत.

दिवे आणि डोळे

रात्री भिंत दिव्याच्या ताब्यात जाते. आपल्याकडे घरोघरी ६,५०० केल्विनचे पांढरे एलईडी असतात. त्यांत निळ्याचा अंश जास्त, त्यामुळे दोन्ही शेड अधिक निळ्या होतात आणि आकाशी खोली दवाखान्यासारखी वाटू शकते. ३,००० केल्विनचा पिवळसर दिवा राखाडी-निळ्यातले निळे खाऊन टाकतो; थॅलोसायनिनवर बेतलेली शेड त्यात हिरवट होते, अल्ट्रामरीनवरची जांभळट. बैठकीत पिवळे दिवे बसवायचे ठरले असतील, तर शेड त्या दिव्याखालीच पाहावी. दिव्याच्या खोक्यावर रंगदर्शनाचा निर्देशांक लिहिलेला असेल तर तो ९० च्या पुढचा घ्यावा. ८० च्या दिव्यात बारीक फरक पुसले जातात.

पाहणाराही एकसारखा नसतो. वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळे पडते आणि निळा प्रकाश आत कमी पोचतो. सुनेला जो राखाडी-निळा छान वाटतो, तो सासूबाईंना निव्वळ करडा दिसत असेल, तर दोघीही खरेच सांगत असतात. मोतीबिंदू काढल्यावर उलटे होते, सगळे एकाएकी निळे दिसू लागते. चित्रकार क्लोद मोने यांनी १९२३ च्या शस्त्रक्रियेनंतर हीच तक्रार केली होती. म्हाताऱ्या माणसांच्या खोलीसाठी म्हणून आकाशी निवडावा, आणि डोळ्याचे ऑपरेशन तोंडावर असेल तर रंग त्यानंतर ठरवावा.

निळ्याचा मान

विदर्भात निळा हा केवळ आवडीचा रंग नाही. १९४२ मध्ये नागपुरात शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली, तिचा झेंडा निळा. पुढे रिपब्लिकन पक्षानेही तोच रंग घेतला. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर वस्त्यावस्त्यांत विहारे उभी राहिली, आणि निळ्या कमानी, निळ्या भिंती, निळी दारे हा गावाच्या चित्राचा भाग झाला. अशा घरात निळा निवडताना शोभेपलीकडचे काही असते आणि तिथे राख मिसळलेला निळा ‘अधिक सौम्य’ म्हणून सुचवणे गैरलागू ठरते. बाहेरच्या दर्शनी भिंतीला पूर्ण तेजाचा निळा आणि झोपायच्या खोलीत त्याचाच राखाडी भाऊ, अशी वाटणी मात्र छान जमते. दोघांची जात एक असल्याने ते एकमेकांशी भांडत नाहीत.

मग निवडायचे कसे?

शेडकार्ड दुकानात पाहून ठरवू नये, घरी आणावे. आणल्यावर ते असे दुमडावे की एका वेळी एकच चौकोन दिसेल. ज्या भिंतीला रंग लावायचा तिच्यावर तो उभा धरावा. टेबलावर आडवा ठेवलेला चौकोन नेहमी जास्त उजळ दिसतो.

दोन शेड नक्की झाल्या की प्रत्येकीचा छोटा डबा घ्यावा. भिंतीवर पट्टे मारण्यापेक्षा दोन फूट लांब-रुंद पुठ्ठे प्रायमर मारून रंगाचे दोन हात देऊन रंगवावेत, कडेला चार बोटे पांढरी जागा सोडावी. जुन्या पिवळ्या भिंतीवर मारलेला नमुना त्या पिवळ्यामुळे उगाच निळा दिसतो. पांढरी कड ती फसवणूक टाळते. पुठ्ठे त्याच खोलीत एकेक करून ठेवावेत, शेजारी शेजारी नव्हे. सकाळी, भर दुपारी पडदे ओढून आणि रात्री दिवा लावून पाहावे. कोपऱ्यात एकाच शेडचे दोन पुठ्ठे काटकोनात उभे केले की प्रकाशाच्या दुसऱ्या उडीचाही अंदाज येतो.

मोठ्या खिडक्या, सागवानी काम, क्रीम फरशी आणि चारही भिंती रंगवायच्या असतील, तर राखाडी-निळा घ्यावा. आतली माजघरासारखी खोली, शहाबादी फरशी, सतत ओढलेले पडदे किंवा एकच भिंत असेल, तर आकाशी. मधल्या अवस्थेत दोन्ही चालतात. तिथे घरातल्या ज्याला त्या खोलीत सर्वांत जास्त वेळ बसायचे आहे, त्याचे मत घ्यावे.

ठरल्यावर दोन कामे उरतात. नवीन प्लास्टर असेल तर ते किमान महिनाभर वाळू द्यावे. ओल आणि लोणा निळ्यावर पांढऱ्या डागांनी लगेच उघडे पडतात. आणि एका खोलीचा सगळा रंग एकाच वेळी काढून मोठ्या बादलीत एकत्र करून घ्यावा. हाताने स्टेनर टाकून बनवलेला राखाडी-निळा दुसऱ्यांदा तसाच जमणे फार अवघड, आणि मशीनच्या दोन डब्यांतही बारीक फरक पडू शकतो. डब्याच्या झाकणावरची कोडची चिठ्ठी काढून घराच्या कागदपत्रांत ठेवली, तर पाच वर्षांनी एक भिंत पुन्हा रंगवताना ही सगळी चर्चा नव्याने करावी लागत नाही.